मोठी बॅग मागाहून येते

श्रोतेहो, नमस्कार. परदेशी क्रूझची तयारी करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. बंदरावर पोचताच तुमची मोठी बॅग तुमच्या हातून जाते. टर्मिनलच्या दाराशीच हमाल ती ताब्यात घेतात, ती क्ष-किरण तपासणीतून जाते आणि हजारो बॅगांच्या गर्दीतून तुमच्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. कधीकधी रात्रीचं जेवणही उरकलेलं असतं. म्हणून या प्रवासात खरी काळजी घ्यायची ती खांद्यावरच्या छोट्या बॅगेची.

पासपोर्ट, व्हिसा, बोर्डिंग पास, विम्याचे कागद, चष्मा, चार्जर, पॉवर बँक, कपड्यांचा एक जोड आणि पोहण्याचे कपडे, हे सगळं याच बॅगेत ठेवा. रोजची औषधंही इथेच, आणि तीन-चार दिवसांची जास्तीची. ती मूळ वेष्टनातच राहू द्या आणि औषधांची शास्त्रीय नावं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या, कारण एका देशातलं साधं औषध दुसऱ्या देशात बंद असू शकतं. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असतं. त्याचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असेल, तर ते औषध जपानमध्ये नेता येत नाही.

मोठ्या बॅगेला लावायचे टॅग ऑनलाइन चेक-इन करताना छापून घ्यायचे असतात. ते विमानतळावर लावू नका, सरकत्या पट्ट्यांवर फाटून जातात. बंदराकडे निघताना जुने विमानाचे टॅग काढा आणि मग हे प्लास्टिकच्या पाकिटात घालून पक्के बांधा. बॅगेच्या आतही नाव आणि केबिन क्रमांकाची चिठ्ठी असू द्या.

बॅग केबिनपर्यंत आलीच नाही, तर बहुतेक वेळा आत इस्त्री, किटली, मेणबत्ती किंवा सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा भाग) असलेली एक्स्टेन्शन बोर्डाची पट्टी निघालेली असते. बॅग अडवून ठेवतात आणि तुम्हाला सुरक्षा कक्षात बोलावतात. भर समुद्रात आगीइतकं मोठं संकट नाही, त्यामुळे हा नियम कडक असतो आणि तसाच असायला हवा. सर्ज प्रोटेक्टरचं कारण मात्र थोडं समजून घेण्यासारखं आहे. घरच्या वीजजोडणीत एक तार जिवंत असते आणि दुसरी, म्हणजे न्यूट्रल, जमिनीला जोडलेली असते. बऱ्याच जहाजांवर दोन्ही तारांत विजेचा दाब असतो. तिथे घरगुती सर्ज प्रोटेक्टर तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल खास इशारा दिला होता. त्याऐवजी अनेक यूएसबी तोंडांचा साधा चार्जर आणि योग्य प्लग अडॅप्टर न्या. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, म्हणून चुंबकाचे चार-सहा हूक फार उपयोगी पडतात. ओले कपडे, टोप्या, पिशव्या सगळं टांगता येतं.

कागदपत्रांत फसगत होते ती व्हिसाच्या बाबतीत. ग्रीसहून निघून जहाज तुर्कस्तानला गेलं आणि परत ग्रीसला आलं, तर तुम्ही शेंगेन क्षेत्र, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश, सोडून पुन्हा आत शिरता. एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे संपतो. अनेक प्रवेशांचाच हवा. मार्गातल्या प्रत्येक बंदराचा देश तपासा, जहाजातून उतरणार नसलात तरीही. पासपोर्ट परतल्यानंतरही सहा महिने वैध असावा. पीतज्वराची लस लागणार असेल, तर तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरतात, म्हणून ती आयत्या वेळी घेऊन चालत नाही.

बोट लागत असेल, म्हणजे जहाजावर मळमळत असेल, तर बुकिंग करतानाच मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या. तिथे हेलकावे कमी जाणवतात. गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी निदान चार तास आधी लावावी लागते आणि ती तीन दिवस पुरते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये.

कपडे कमीच न्या, केबिन लहान असते. डेकवरच्या वाऱ्यासाठी विंडचीटर, न घसरणारे बूट आणि औपचारिक जेवणासाठी एक चांगला पोशाख पुरेसा.

बंदर सुटताच मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. समुद्रात तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा नसतं. बंदरावर मोबाइल स्थानिक वेळ दाखवतो, जहाजाची वेळ मात्र वेगळी असू शकते. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवा. उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावं लागतं. मग पासपोर्टच्या प्रती जवळ असलेल्या बऱ्या.

शेवटच्या रात्री मोठी बॅग पुन्हा हातून जाते. ती केबिनबाहेर ठेवायची वेळ जहाजावर कळवतात. त्यात सगळंच भरून दिलं, तर सकाळी घालायला बूटही उरत नाहीत. सकाळचे कपडे आधी काढून ठेवा, आणि उद्या घालायच्या बुटांपैकी एक तिजोरीत पासपोर्टशेजारी ठेवा. तो घ्यायला गेलात की पासपोर्ट आपोआप हाती येतो.