समुद्रपर्वतावर कोपेपॉडांच्या पोटात काय असतं?

नमस्कार, श्रोतेहो. समुद्रतळापासून हजार मीटर किंवा त्याहून उंच उठलेला, पण पाण्याबाहेर न आलेला डोंगर म्हणजे समुद्रपर्वत. प्रवाह त्याच्यावर आदळला की काही पाणी वर चढतं. खालच्या थरांतलं नायट्रेट, म्हणजे वनस्पतींचं खत, उजेडात पोचलं, की सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे माथ्यावर पाण्याचा भोवराही टिकू शकतो. जी. आय. टेलर यांनी १९२३ मध्ये फिरत्या पाण्यावरच्या प्रयोगांत हा परिणाम दाखवला.

मग तिथे वाहत आलेल्या कोपेपॉडांची, म्हणजे मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या कवचधारी जिवांची, संख्या वाढते का? बहुतेक वेळा नाही. वनस्पतीची पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होते, कोपेपॉडची पिढी व्हायला मात्र काही आठवडे लागतात. तेवढ्यात पाणी पुढे निघून जातं. म्हणून डोकी मोजत बसण्यापेक्षा पोटं तपासावीत.

दोनशे मायक्रॉन, म्हणजे ०.२ मिलिमीटर छिद्रांचं जाळं हळू आणि थोडाच वेळ ओढा. कोमट पाण्यात कोपेपॉडचं आतडं अर्ध्या-एक तासात रिकामं होतं. जाळ्यात रेंगाळलेला प्राणी उपाशी भासतो. नमुना मंद उजेडात लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवा, कारण खाल्लेल्या वनस्पतींचं पोटातलं हरितद्रव्य आपल्याला मोजायचं आहे आणि ते प्रखर उजेडात मोडतं. नंतर एकाच जातीचे, वाढीच्या एकाच टप्प्यातले प्राणी निवडून, हरितद्रव्य विरघळून बाहेर यावं म्हणून ९० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात, थंडीत ठेवा. फ्लुओरोमीटरवर, म्हणजे उजेड पाडल्यावर हरितद्रव्य किती चमकतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, ते द्रावण एकदा तसंच आणि एकदा आम्लाचे थेंब घालून मोजा. त्यावरून हरितद्रव्य आणि त्याचे पचनात बदललेले अंश वेगळे कळतात. काही रंगद्रव्य पचनात रंगहीन होतं, तेव्हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमीच येणार.

माथ्याची खोली विसरून चालणार नाही. ईशान्य अटलांटिकमधल्या सीन पर्वताचा माथा सुमारे १७० मीटरवर, तर सेडलोचा सुमारे ७५० मीटरवर आहे. रात्री वर येऊन चरणारे प्राणी पहाटे खाली जाऊ लागतात. उथळ माथा त्यांची वाट अडवतो आणि ते माशांच्या तोंडी पडतात. त्यामुळे माथ्यावरचा रात्रीचा नमुना दूरच्या खुल्या पाण्यातल्या रात्रीच्याच नमुन्याशी ताडून पाहा. दिवस-रात्रीतला फरक पर्वताच्या खात्यावर टाकू नका.

आणि पोटात हरितद्रव्य नसलं, तरी प्राणी उपाशी असेलच असं नाही. पुष्कळ कोपेपॉड सिलिएटसारखे एकपेशी सूक्ष्म जीवही खातात, आणि त्यांतल्या बहुतेकांत हरितद्रव्य नसतं. ते खाणं पकडायचं, तर समुद्राच्या पाण्याच्या बाटल्यांत कोपेपॉड २४ तास ठेवा, शेजारी कोपेपॉड नसलेल्या बाटल्या ठेवा, आणि दोन्हींतल्या पेशी मोजा.