रडणारं पोलाद : कंट्री संगीतातली पेडल स्टील गिटार

(काळा पडदा. फक्त आवाज. तीन तारा एकदम छेडल्या जातात.)

नीट ऐका. सा, ग आणि प एकत्र वाजले. आता सा जागचा हललेला नाही. पण ग हळूहळू मध्यमाकडे चढतोय आणि प सरकत धैवतावर पोचतोय. नखीचा नवा आघात कुठेच झालेला नाही.

इथेच ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एकाचा गळा दाटून येतो. दुसरा म्हणतो, "झालं, यांचं रडगाणं सुरू झालं." अमेरिकन कंट्री संगीतावर जीव टाकणारे आणि त्याचा वीट आलेले, दोघंही बऱ्याचदा याच आवाजाबद्दल बोलत असतात. हे वाद्य म्हणजे पेडल स्टील गिटार. ते रडतं कसं हे समजायचं तर त्याच्याखाली वाकून बघावं लागतं.

(हवाई बेटांवरची जुनी छायाचित्रं.)

गोष्ट कंट्री संगीताच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये, सुरू होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून पोलादाचा तुकडा फिरवत वाजवण्याची रीत रुजली. तिचं श्रेय जोसेफ केकुकू यांना दिलं जातं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं, तिथे हवाईच्या वादकांनी अमेरिकेला या आवाजाचं वेड लावलं. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डोंगराळ भागातल्या फिडल (म्हणजे लोकढंगाचं व्हायोलिन) आणि बँजोवाल्यांनी तो उचलला.

ही गिटार आपल्याकडेही आली. टाऊ मो हे हवाईयन वादक १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले होते. ब्रिजभूषण काब्रांनी याच जातीच्या गिटारवर राग वाजवले; शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची १९६७ सालची ध्वनिमुद्रिका अनेक मराठी घरांत असेल. म्हणजे ती गिटार आणि ही गिटार, नात्याने चुलत बहिणी. एक मींडेच्या ओढीने रागाकडे गेली, दुसरी कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, घरात नांदायला गेली.

आणि तिथे तिची अडचण झाली. तारांवरून फिरवायचा पोलादी तुकडा, म्हणजे बार, सरळ असतो. तो सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा सारख्याच मापाने चढतात किंवा उतरतात. बार तिरका धरून काही जोड्या साधता येतात, पण एक तार स्थिर ठेवून शेजारचीच चढवायची, हे नुसत्या बारने नीट होत नाही. रागसंगीताला त्याची गरज नव्हती, कारण तिथे एका वेळी एकच स्वर चालतो. कॉर्डवर उभ्या असलेल्या संगीताला मात्र ती गरज पदोपदी भासत होती.

(कॅलिफोर्निया. कार्यशाळेतलं लेथ मशीन.)

कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबी नावाचा कारागीर होता. मुळात मोटरसायकलींच्या कामातला, धातूवर हात बसलेला. गिटारला पेडल लावणारा तो पहिला नव्हे. त्याआधीही पेडलची वाद्यं होती. पण तेव्हा पेडलचं काम एवढंच, की एक कॉर्ड संपली की पुढची लावून द्यायची. १९५३ च्या अखेरीस वेब पीअर्स या गायकाच्या 'स्लोली' या गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं. बड आयझॅक्स बिग्सबीची स्टील वाजवत होते. तार वाजत असतानाच त्यांनी पेडल दाबलं. स्वर श्रोत्याच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, वाकला. १९५४ साली ते गाणं कंट्रीच्या यादीत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि आपल्या जुन्या वाद्याला पेडल कसं बसवता येईल या विवंचनेत स्टीलवादक पडले.

(वाद्याचं जवळून दर्शन. कॅमेरा वरून खाली.)

आता वाद्य बघू. चार पायांवर उभं केलेलं, इस्त्रीच्या टेबलासारखं अरुंद. त्यावर दहा तारा. पडद्यांच्या जागी नुसत्या रंगवलेल्या रेघा. धातूचा एकही पडदा नाही. नॅशव्हिलमध्ये रूढ झालेल्या मिळवणीला ई नाइन म्हणतात. मोकळ्या तारेवरचा ई हा सा धरला, तर वादकापासून सर्वांत दूरच्या तारेपासून क्रम असा: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. गंमत पाहा, सर्वांत उंच स्वराची तार पहिली नाही, तिसरी आहे. पहिल्या दोन तारा मध्येच घुसवल्यासारख्या वाटतात, आणि त्या खरोखरच नंतर घुसवलेल्या आहेत, म्हणजे बार न हलवता सुरावट वाजवता यावी.

डाव्या पायाखाली तीन पेडल. पहिलं दाबलं की पाचवी आणि दहावी तार पंचमावरून धैवतावर जाते, एक पूर्ण स्वर. दुसरं दाबलं की तिसरी आणि सहावी तार गंधारावरून मध्यमावर जाते, अर्धा स्वर. दोन्ही एकत्र दाबा: सा-ग-प चं सा-म-ध झालं. बार न हलवता मध्यमाची, म्हणजे चौथी, कॉर्ड हातात आली. तीच पेडलं धरून बार दोन रेघा पुढे न्या, पंचमाची, म्हणजे पाचवी, कॉर्ड. कंट्रीची निम्मी गाणी या तीन जागांवर संपतात. तिसरं पेडल सा चा रे करतं आणि सोबत पंचमालाही चढवतं. पहिलं आणि दुसरं अशी शेजारची पेडलं डावं पाऊल सरळ खाली मारून दाबायची नसतात. घोटा आडवा कलवून वजन एकावरून दुसऱ्यावर न्यायचं. सायकलचा ब्रेक मारल्यासारखं पेडल मारलं, की स्वर चढत नाही, उडी मारतो. रडण्याच्या जागी उचकी लागते.

शिवाय गुडघ्यांच्या बाजूला लोंबणाऱ्या दांड्या. गुडघा डावी-उजवीकडे ढकलून एकीने सा अर्धा स्वर चढवायचा, दुसरीने उतरवायचा. उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी बार, पाऊण-एक इंच जाडीचा, पाव किलोच्या आसपास. उजव्या हाताच्या अंगठ्यात प्लास्टिकची नखी, दोन बोटांत धातूच्या. दोन हात, दोन पावलं, दोन गुडघे: सहाही कामाला. हे वाद्य वाजवणाऱ्याचा चेहरा इतका निर्विकार का असतो, याचं उत्तर बहुधा इथे आहे.

(वाद्य उलटं केलेलं. खालचे गज आणि स्प्रिंगा.)

आता पोटातलं यंत्र. पेडलपासून एक सळई वर येते, आडवा दांडा फिरवते, त्यावरची खीळ लांब गज ओढते आणि गजाच्या टोकाला, वाद्याच्या उजव्या बाजूला, तार ज्यावरून वळते तो धातूचा खटका किंचित कलतो. तार ताणली जाते. पाय काढला की स्प्रिंग सगळं मागे आणते. प्रत्येक गजाच्या टोकाला नायलॉनचा छोटा नट असतो. मोकळी तार खुंटीवर मिळवायची. चढलेला स्वर मात्र पेडल पूर्ण दाबून धरून या नटावर मिळवायचा. क्रम उलटा केला तर अर्धा तास फुकट जातो, कारण मोकळी तार हलवली की चढलेला स्वरही हलतो.

बिघडतं काय काय? पाय काढल्यावर तार मूळ स्वरावर परतली नाही, तर आधी गजाला ढील आहे का ते पाहा. फार आवळलेला गज खटक्याला पूर्ण मागे येऊ देत नाही. नाहीतर खुंट्यांकडची छोटी चाकं कोरडी पडलेली असतात. तिसरी तार तुटते, हे तर ठरलेलंच. इंचाच्या अकरा हजारांश जाडीची ती तार आधीच सर्वांत ताणलेली, त्यात दर वेळी मध्यमापर्यंत ओढलेली. खटक्यावर जिथे ती वळते, नेमकी तिथेच जाते. वादक तिच्या जास्तीच्या तारा खिशात घेऊनच फिरतात. आणखी एक दुखणं: दोन पेडलं दाबली की सगळा सांगाडाच किंचित वाकतो आणि ज्या तारांना कोणी हात लावला नाही त्या दोन-चार सेंट उतरतात. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, त्यामुळे आकडा लहान दिसतो. लांब लावलेल्या कॉर्डमध्ये तो ऐकू येतो.

आणि मग गंधाराचं भांडण. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. पेटीचा गंधार चढा का वाटतो, हे मराठी गाणाऱ्यांना सांगायला नको. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या तक्रारींत मींड आणि श्रुती होत्याच. स्टीलवादकही गंधार कानानेच मिळवतो, कंप थांबेपर्यंत खाली आणतो. एकटा वाजवत असला तर स्वर्ग. शेजारी पियानो बसला की त्याचाच गंधार बेसूर ठरतो. मधला मार्ग म्हणून बरेच जण सा च काही सेंट चढा ठेवतात, म्हणजे गंधार पियानोपासून फार लांब राहत नाही. शिवाय चढलेल्या धैवतावर पुन्हा नवा गंधार मिळवला, की उतरण दुप्पट होते; अशा कॉर्डला बार रेघेवर न ठेवता केसभर पुढे ठेवावा लागतो. ही रेघ डोळ्यांनी पाहायची नाही, ऐकायची.

नवशिक्याचं वादन दोन ठिकाणी ओळखू येतं. एक, तारांचा आवाज वेळेवर दाबला जात नाही. वाजून गेलेली तार उजव्या तळहाताच्या कडेने बंद केली नाही, तर मागचे स्वर पुढच्यांत मिसळून चिखल होतो. दुसरं, आवाजाचं पेडल. योग्य रीत अशी: तार छेडताना पेडल निम्म्यावर, आणि आस विरत जाईल तसं हळूहळू पुढे. त्यामुळेच स्वर गायकाच्या श्वासापेक्षा लांब टिकतो. नवशिका प्रत्येक स्वराला पाय पंपासारखा हलवतो. ऐकणाऱ्याला बोट लागते.

(नॅशव्हिलचा ध्वनिमुद्रण कक्ष. कागदावर आकडे: १, ४, ५.)

कक्षात नोटेशनचा कागद नसतो, आकडे असतात. १ म्हणजे सा ची कॉर्ड, ४ मध्यमाची, ५ पंचमाची. पद्धत 'जॉर्डनेअर्स' या गायकांच्या चमूतल्या नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काढली. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली, काळी एकऐवजी पांढरी तीन म्हणाला, तरी कागद तोच.

तिरस्काराची मुळंही इथूनच फुटतात. मिळवणी एक, पेडलं ती, आकडे तेच. मग बोटं वेगळी असून उद्गार एकच निघतो. ग वरून म, प वरून ध, की झालं दुःख तयार. ही तक्रार खोटी नाही. १९५७ नंतर चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी रॉक अँड रोलपुढे घसरलेली विक्री सावरायला स्टील आणि फिडल मागे सारली, व्हायोलिनचे ताफे आणि कोरस आणले. जिम रीव्हज हा त्या मखमली आवाजाचा मोठा गायक. गोव्यातल्या कित्येक घरांत नाताळला आजही तोच लागतो. आपल्याकडे कंट्री पोचलं ते असं डोळे पुसून. त्या मखमलीत कारागिरी आहे, पण ऐकताना काहीतरी कापून टाकल्यासारखं वाटतं, आणि काय कापलं तेही कळतं. उलट कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डमध्ये बक ओवेन्स या गायकाच्या ताफ्यात टॉम ब्रमली यांनी १९६४ साली वाजवलेला एक छोटा तुकडा स्टीलवादक अजून घोटतात. गेल्या दशकातल्या ट्रक-बिअर-जीन्सवाल्या गाण्यांत स्टील असते खरी, पण ढोलाच्या लूपखाली पुरलेली. बिर्याणीत केवड्याचे दोन थेंब टाकावेत तशी.

एक तक्रार मात्र सुरांची नाही. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी गोऱ्यांचं 'हिलबिली' आणि काळ्यांचं 'रेस' अशा दोन याद्या केल्या. बँजोची मुळं पश्चिम आफ्रिकेतली, तरी. 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाचा सुरुवातीचा तारा डीफोर्ड बेली, माउथ ऑर्गन वाजवणारा कृष्णवर्णीय. १९४१ साली त्याला काढून टाकलं. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

(रविवार सकाळ. साधं चर्च, लाकडी बाकं.)

त्याच काळात, १९३० च्या दशकापासून, 'हाउस ऑफ गॉड' या कृष्णवर्णीयांच्या पंथात ऑर्गनच्या जागी स्टील गिटार आली. विली ईसन यांच्यासारखे वादक एकाच तारेवर भजनाची ओळ शब्दाशब्दाने गाऊन घेत. पुढे तिथेही पेडलं आली. मिळवणी नॅशव्हिलची नाही, आकड्यांचा कागद नाही. ड्रमचा ठेका वाढत जातो आणि स्टील वरच्या सप्तकात किंचाळते. तोच पोलादी बार, तोच घोटा कललेला, आवाजाच्या पेडलवरचा पाय तसाच सावकाश पुढे. पुढच्या बाकावरच्या आजी उठून नाचायला लागल्या आहेत.