घरी कळेल म्हणून

(पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्रथम वर्षाचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

मुलांनो, आणि मागच्या रांगांत बसलेल्या आईबाबांनो,

मघाशी दारात उभी होते, तेव्हा एक आई मुलीला सांगत होती, "फोन उचलत जा गं, नाहीतर जीव टांगणीला लागतो." मुलीच्या हातात नवी कोरी बादली, बादलीत मग्गा आणि कपड्यांचे चिमटे. दर वर्षी जून-जुलैत मी हे चित्र बघते, आणि दर वर्षी माझ्याही पोटात कालवतं. मी इथं शिकवते आणि सतरा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. पोलीस नाही, वकील नाही. पण मुलांबरोबर पोलीस चौकीच्या बाकावर बसले आहे, बँकेत भांडले आहे, रात्री दोन वाजता रडणाऱ्या मुलीजवळ बसले आहे. त्यातून जे कळलं तेवढंच सांगते.

तुमच्यापैकी निम्मे तरी लातूर, नांदेड, जळगाव, सांगली, कुठून कुठून आलात. गावात अंधार पडल्यावर दिसलात तर चार माणसं हटकतात, "कुणाचा रे तू? एवढ्या रात्री कुठं?" त्याचा राग यायचा ना? इथं कोणी हटकत नाही. हे स्वातंत्र्य तुम्ही मनापासून उपभोगावं असं मला वाटतं. मात्र विचारणारं माणूस सुटतं, तेव्हा वाईट हेतूच्या माणसाला जागा मिळते. आणि इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या गुन्हेगारांपैकी फार थोड्यांच्या हातात चाकू होता. बहुतेकांच्या हातात तुमची एक भीती होती. घरी कळेल, ही भीती.

एक मुलगा होता. मराठवाड्यातला, दुसऱ्या वर्षाचा, वर्गात पहिल्या बाकावर बसणारा. आमच्या गल्लीत मेस चालवणाऱ्या काकू एकदा मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "मॅडम, त्या पोराचा डबा चार दिवस तसाच परत येतोय. पोळीचा पदरसुद्धा मोडलेला नसतो." मी त्याला स्टाफरूममध्ये बोलावलं. आधी म्हणाला पोट बिघडलंय. मी चहा मागवला. कप हातात घेऊन बसला, चहावर साय धरली तरी प्यायला नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

समाजमाध्यमावर एका अनोळखी मुलीची ओळख, दोन दिवस गप्पा, मग रात्री व्हिडिओ कॉल. पलीकडे जी मुलगी दिसते ती बऱ्याचदा आधीच रेकॉर्ड केलेली चित्रफीत असते. तुमचं मात्र खरंखुरं रेकॉर्डिंग होतं. पाच मिनिटांत धमकी आली, पैसे टाक, नाहीतर तुझ्या यादीतल्या सगळ्यांना पाठवतो. त्यानं पाच हजार दिले. मग आठ. मग एक जण फोनवर म्हणाला, मी पोलीस अधिकारी बोलतोय, मुलीनं तक्रार केली आहे. तेव्हा परीक्षा शुल्कासाठी घरून आलेले पैसेही गेले. पैसे दिल्यानं हे थांबत नाही, मुलांनो. देणारा माणूस सापडला, एवढंच त्यांना कळतं.

आम्ही त्या दुपारी काय केलं ते नीट ऐका. पहिलं म्हणजे यापुढे एक रुपया द्यायचा नाही असं ठरवलं. तो घाबरून सगळं संभाषण पुसायला निघाला होता, त्याचा हात धरला. तोच तर पुरावा. नंबर, प्रोफाइलचा दुवा, पैसे गेले तो यूपीआय आयडी, व्यवहाराचा क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले. मग १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक. इथं वेळेला फार किंमत आहे. तुमचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात, आणि ते काढून घेतले जाण्याआधी तक्रार पोहोचली तरच बँकेला वाटेत अडवता येतात. पहिल्या तासात केलेला फोन आणि चार दिवसांनी केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्याचे सकाळी गेलेले पैसे अडले. आधीचे गेले ते गेलेच.

राहिलं घरी सांगणं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा." मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. वडील शेतात होते, मागं मोटारीचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "पैशे गेले तर गेले. पोरगं हाय ना जागेवर?" तो मुलगा टेबलावर डोकं ठेवून रडला. त्या चार दिवसांत त्याच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्यानं नंतर मला सांगितलं, ते मी इथं बोलणार नाही. तुमच्या मनात तसलं काही आलं तर माझं दार आहेच, पण मी झोपले असेन तेव्हाही चालू असलेला एक क्रमांक लिहून ठेवा, १४४१६. टेलिमानस, मन खचलं तर बोलण्यासाठीची सरकारी मदतवाहिनी. फुकट आहे, मराठीत बोलतात.

आता टेकडीकडे येते. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई या पुण्याच्या फार सुंदर जागा आहेत. जाऊ नका असं मी कधीच म्हणणार नाही. अंधार पडायच्या आत उतरा, आडवाटेला बसू नका, एवढंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या बोपदेव घाटात रात्री मित्राबरोबर गेलेल्या एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर अशा जागांवर पोलिसांची नजर वाढली, पण सगळा डोंगर कोणाला राखता येत नाही. मात्र मला दुसऱ्याच प्रकाराबद्दल बोलायचंय, कारण त्याची बातमी होत नाही. दोघं बसलेले असतात, एक जण येतो, केस बारीक कापलेले, बोलण्यात जरब. "पोलीस आहे. आईबापाचा नंबर दे. नाहीतर दंड भर." आणि मुलं खिशातले, खात्यातले, गळ्यातले काढून देतात. पुढं तक्रारही करत नाहीत. म्हणजे पुन्हा तीच भीती, घरी कळेल.

दोन सज्ञान माणसं सार्वजनिक जागी गप्पा मारत बसली, हा गुन्हा नाही. खरा पोलीस ओळखपत्र दाखवतो आणि स्वतःच्या खासगी यूपीआयवर दंड घेत नाही. अशा वेळी त्याच्यासमोरच ११२ हा तातडीच्या पोलीस मदतीचा क्रमांक लावा आणि सांगा, "इथं एक जण पोलीस असल्याचं सांगतोय, खात्री करायची आहे." बहुतेक तोतये तिथूनच पाय काढतील. पण त्यानं हत्यार काढलं, तर मोबाइल, साखळी, पाकीट, जे मागेल ते देऊन टाका. वस्तूसाठी झोंबाझोंबी करायची नाही.

स्वारगेट एसटी स्थानकाचंही बोलायलाच हवं, कारण तुमच्यातले कितीतरी जण रात्रीच्या एसटीनं निघून पहाटे तिथं उतरणार आहात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथं पहाटे, आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. बातम्यांत आलं त्याप्रमाणे त्या माणसानं तिला ताई म्हणून हाक मारली आणि तुझी बस पलीकडे लागली आहे असं सांगितलं. नंतर कितीतरी लोकांनी विचारलं, ती ओरडली का नाही? मला त्या प्रश्नाचा संताप येतो. भीतीनं माणूस थिजतो, घशातून आवाज फुटत नाही. ज्यांनी ते अनुभवलं त्यांना ठाऊक आहे. तिनं काय करायला हवं होतं हे तुम्हाला शिकवायला मी उभी नाही. मी एवढंच सांगेन की पहाटे उतरलात की चौकशी खिडकीपाशी, उजेडात, बायाबापड्या पोरंबाळं घेऊन बसलेल्या असतात तिथं बसा. गाडी कुठं लागली हे खिडकीवर किंवा गणवेशातल्या वाहकालाच विचारा. उजाडेपर्यंत थांबायला लागलं तर थांबा. रिक्षात बसण्याआधी मागच्या नंबरप्लेटचा फोटो मैत्रिणीला पाठवा, आणि रिक्षावाल्याला दिसेल असा काढा. भल्या रिक्षावाल्याला त्याचं वाईट वाटत नाही.

आमच्या वसतिगृहात बाहेर जाण्याची नोंदवही होती. मुलींना ती जाच वाटायची, आणि खरं सांगते, आम्ही ती जाचासारखीच वापरायचो. कुठं, कोणाबरोबर, कशाला. पुढं मी "कशाला" हा रकाना काढून टाकला. परतायची वेळ आणि एका मैत्रिणीचा नंबर, बस्. त्यानंतर मुली खरं लिहायला लागल्या. खोलीवर राहणाऱ्यांनीही असं एक माणूस ठरवा. तुम्ही साडेनऊपर्यंत परत आला नाहीत तर जे फोन करेल, आणि तुम्हीही त्याच्यासाठी तेच कराल.

पाठलागाबद्दल. २०२३ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेत भर सकाळी एका मुलीवर कोयत्यानं हल्ला झाला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं धावली म्हणून ती वाचली. त्या मुलांचं ऋण हे शहर विसरणार नाही. पण कोयत्याचा दिवस अचानक उगवत नाही. त्याआधी शेकडो मेसेज असतात, क्लासच्या दारात उभं राहणं असतं, "जीव देईन" असतं. मुली सोसतात, कारण घरी कळलं तर शिक्षण बंद करून परत बोलावतील. मुलांनो, नकार मिळाल्यावरही मागं मागं फिरणं हे प्रेम नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली तो गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मुलींनो, तिसऱ्या-चौथ्या मेसेजलाच कोणाला तरी सांगा. पुणे पोलिसांचं मुलींच्या सुरक्षेसाठीचं दामिनी पथक आहे, महिलांना मदत करणारा भरोसा सेल आहे, महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव छापायला कायद्यानं बंदी आहे. अशी तक्रार महिला अधिकारीच नोंदवून घेते.

"आमच्या हद्दीत येत नाही" हे उत्तर मी स्वतः ऐकलंय. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही २०१८ पासून दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत. तुमची खोली वाकडला, कॉलेज शिवाजीनगरला, प्रकार घडला बसमध्ये, मग कुठं जायचं? जवळच्या कुठल्याही ठाण्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची खबर, तो कुठंही घडलेला असो, नोंदवून घ्यावीच लागते. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

खोली आणि डिपॉझिटचं थोडक्यात सांगते. "मी सैन्यात आहे, बदली झाली, टोकन पाठवा, चावी वॉचमनकडे आहे" असं सांगणाऱ्याला पैसे पाठवू नका. खोली डोळ्यांनी बघा, मालकाला भेटा, लाइट बिल मागा. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, कॉट बेसिसवर असलात तरी पावती हवी. आणि पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की तुमचे पैसे जातात.

एका गोष्टीवर मात्र थांबते, कारण यात तुम्ही लुटले जात नाही, आरोपी होता. कट्ट्यावर कोणीतरी ओळखीचा येतो. "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार. एटीएम कार्ड आणि सिम माझ्याकडे राहू दे." मेसचा खर्च निघतो म्हणून मुलं देतात. त्या खात्यात कोणा निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी येऊन पुढं जाते. पोलीस असल्याचं भासवून, व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे" असं सांगून त्यांना कोणी लुटलेलं असतं. (अशी अटक कायद्यात नाहीच, आजीआजोबांना आजच सांगा.) पोलीस माग काढतात तेव्हा पहिलं नाव तुमचं निघतं. परराज्यातले पोलीस वसतिगृहाच्या दारात मी पाहिलेत. खातं दिलं असेल तर आज बँकेत जाऊन ते बंद करायला सांगा आणि मग माझ्याकडे या. मी ओरडणार नाही.

मागच्या रांगांतल्या आईबाबांनो, तुमच्याशी एकच बोलायचंय. कधीतरी तुमच्या मुलाचा असा फोन येईल. त्या वेळी तुमच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य "तरी मी सांगत होतो" हे असेल, तर पुढच्या वेळी फोन येणार नाही. त्या शेतातल्या वडिलांनी आधी विचारलं, पोरगं जागेवर आहे ना? राग नंतर काढा, तुमचा हक्क आहे. त्याच्यासमोरच एवढं कबूल करा की सांगितलं म्हणून शिक्षण बंद करणार नाही. आज, इथून निघण्याआधी.

आणि मुलांनो, आता फोन काढा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडे दिसतील, तो तुमच्या फोनचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. फोन बसमध्ये किंवा गणपतीच्या गर्दीत गेला तर तक्रार करून, सिम बंद करून, संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर हाच क्रमांक देऊन तो फोन बंद पाडता येतो. फोनमध्येच जपून ठेवलात तर फोनबरोबर जाईल, म्हणून कागदावर उतरवा. त्याखाली आईचा किंवा बाबांचा नंबर लिहा. तो पाठ आहे का? हात वर करा. बघा, किती कमी हात. त्याखाली ११२ आणि १९३०. कागद पाकिटात ठेवू नका, पाकीट जातं; कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

कागद नसेल त्यांनी पुढं या, मी कोरे कागद आणि पेनं आणली आहेत.