काटा गेला, दिवा आला

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : गाडी चालवताना इंजिनाची माहिती समोर दिसावी म्हणून टॅब्लेट कोणता घ्यावा. त्यावर येतोच. पण टॅब्लेट कशासाठी हवा हे ठरल्याशिवाय कोणता घ्यायचा हे ठरत नाही. म्हणून आधी थोडा वेळ काट्याविषयी बोलू द्या.

जुन्या जीपला, ॲम्बेसेडरला पाण्याच्या तापमानाचा काटा असायचा. खाली सी म्हणजे थंड, वर एच म्हणजे गरम. चालकाचं निम्मं लक्ष रस्त्यावर, निम्मं त्या काट्यावर. काटा नेहमीच्या जागेवरून बोटभर सरकला की गडी झाडाची सावली बघायचा. आज दहा-पंधरा लाखांच्या कितीतरी गाड्यांत तो काटाच नाही. त्याच्या जागी दोन दिवे आलेत. इंजिन थंड असेल तर निळा, आणि गरम झालं की लाल. निळा विझतो साधारण ५०-६० अंशांच्या आसपास, लाल पेटतो ११५-१२० ला. गाडीगणिक आकडे थोडे बदलतात. म्हणजे या दोहोंच्या मधल्या साठेक अंशांत गाडी तुम्हाला काहीही सांगत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप, अडकतो तो याच टप्प्यात, पंख्याचा रिले, म्हणजे त्याचा स्विच, जातो तोही याच टप्प्यात, आणि होज पाईप हळूहळू पाझरायला लागतो तोही याच टप्प्यात.

ज्या गाड्यांत काटा उरलाय, तिथंही तो खरा राहिलेला नाही. पूर्वी सेन्सरची वायर थेट काट्याला जायची. आता मध्ये संगणक आहे, आणि बऱ्याच गाड्यांत ८० पासून १०५ अंशांपर्यंत काटा मधोमध स्थिर राहील अशी त्याची मांडणी केलेली असते. घाटात काटा जरा वर गेला की ग्राहक घाबरून वर्कशॉपला यायचे, ते थांबावं म्हणून हे केलं. मला हे पटत नाही. काटा हलतो म्हणून तर त्याचा उपयोग. तो हलायचा थांबवला, तर उरलं काय?

कुणी म्हणेल, लाल दिवा आहे ना, तो पेटला की थांबू. थोडं गणित बघा. रेडिएटरची टोपी साधारण १ बार दाब धरते. त्या दाबाखाली साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायचं रसायन, मिसळलेलं असेल तर अजून सातआठ अंश वर. पण टोपीचं रबर कडक झालं, दाब धरेनासं झालं, तर तेच पाणी शंभराच्या आसपासच उकळायला लागतं. म्हणजे आत वाफ झाली आणि लाल दिवा अजून पेटलाच नाही, असं होऊ शकतं. त्यात आपल्याकडं घरोघरी बोअरचं पाणी. तेच रेडिएटरमध्ये ओततात. क्षाराचा थर नळ्यांत बसतो आणि रेडिएटर बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून तुंबतो. कूलंट मिसळायचं तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये. नाहीतर कंपनीचं तयार मिश्रण मिळतं, ते पाणी न घालता तसंच ओता. बोअरचं पाणी फक्त रस्त्यात अडचण आली तर, आणि नंतर सिस्टिम धुऊन घ्यायची.

पुढचं गॅरेजवाल्यांना सांगायला नको, पण मागच्या रांगेतल्या मुलांसाठी सांगतो. बऱ्याच गाड्यांत हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, आणि ब्लॉक, म्हणजे खालचा मुख्य भाग, बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेड बोल्टांनी आवळलेलं, फुगायला जागा नाही, मग ते वाकतं. हेडच्या सपाटीत बऱ्याच इंजिनांना ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच सूट असते, केसाच्या जाडीइतकीही नाही. ते वाकलं की दोघांमधलं गॅस्केट गेलं, पाणी ऑइलमध्ये, ऑइलची पांढरी साय. हेड उचला, फेसिंग मारा, म्हणजे घासून सपाट करा, किंवा नवीन घाला.

आता यातली सगळ्यात फसवी गोष्ट ऐका, आणि एवढी एक तरी घरी न्या. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच तो खरं बोलतो. होज फुटला, पाणी पडून गेलं, की सेन्सर कोरडा पडतो. मग आकडा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. इंजिन भाजतंय आणि काटा म्हणतो सगळं गार. ९५ वरून मिनिटभरात ७० वर आकडा आला आणि तुम्ही घाट चढताय, तर हायसं वाटून घेऊ नका. गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. याउलट आकडा हळूहळू १०५, १०८ असा चढत असेल तर पाणी बहुधा आत आहे. तेव्हा एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात, ॲक्सिलरेटर हलका. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. मे महिन्यात अंगाची लाही होईल, पण हेड वाचेल. आकडा खाली येईना, तर सावली बघून थांबा. टोपी मात्र गरम असताना उघडायची नाही.

आणखी एक. स्क्रीनवर उणे ४० दिसलं तर परभणीत हिमवर्षाव झाला असं समजू नका, सेन्सरची वायर तुटली असं समजा. तापमान एका बाइटमध्ये येतं, शून्य ते २५५, आणि त्यातून ४० वजा करून अंश काढतात. शून्य आलं की उणे ४०. काही गाड्यांचा संगणक अशा वेळी आपल्या मनाचा आकडा दाखवतो आणि पंखा सतत चालू ठेवतो. म्हणून थंड इंजिनावर पंखा फिरताना दिसला तरी सेन्सर बघा.

तर ही सगळी माहिती गाडीत आधीपासून आहे, फक्त तुमच्यापासून लपवलेली. ती मिळते स्टेअरिंगच्या खाली, जिथं गॅरेजवाला स्कॅनर लावतो त्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये. आपल्याकडं भारत स्टेज ४, म्हणजे धुराच्या नियमांचा चौथा टप्पा, पाळणाऱ्या गाड्यांना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीनं स्वतःची तपासणी करून माहिती देण्याची यंत्रणा, आवश्यक झालं. पण स्टेज ४ देशभर सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे २०१३ ते १७ मधली गाडी असेल तर वर्षावर जाऊ नका, आरसी बुकातला स्टेज बघा आणि टॅब्लेट घेण्याआधी कुणाचा तरी ॲडॉप्टर, म्हणजे या सॉकेटमध्ये बसून आकडे टॅब्लेटला पाठवणारी डबी, लावून आकडे येतात का ते पाहा. २४ व्होल्टच्या ट्रकला, बसला कारचा ॲडॉप्टर लावू नका. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा थेट करंट असतो, स्वस्तातला ॲडॉप्टर जळेल. शिवाय जड वाहनांची भाषाही वेगळी, जे१९३९, ती कारच्या ॲपला कळत नाही.

...संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पंधरा मिनिटं राहिली. काट्यानं वेळ खाल्ला, पण तो खायलाच हवा होता. आता टॅब्लेट, भराभर सांगतो, लिहून घ्या.

दुकानदार तुम्हाला रॅम आणि प्रोसेसर सांगेल. तिकडं लक्ष देऊ नका. साध्या ब्लूटूथ ॲडॉप्टरमधून सेकंदाला दहा-वीस आकडे आले तरी पुष्कळ, तेवढे दाखवायला ३ जीबी रॅम भरपूर झाली, सोबत नकाशा चालवायचा तर ४. कूलंटचा आकडा तर दोन-तीन सेकंदांतून एकदा आला तरी चालतो. खरा प्रश्न उन्हाचा आहे. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं ॲपल स्वतः सांगते. इतर टॅब्लेटची कथा फार वेगळी नाही. आपला मे महिना ४२-४३ चा, आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तरीच्या घरात जातो. टॅब्लेट तापला की आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, मग बंद पडतो. म्हणजे इंजिन तापायच्या ऐन वेळेला हा आधी मान टाकणार. त्यातही शंभर टक्के चार्ज असलेली लिथियम बॅटरी उष्णतेत फुगते आणि स्क्रीन उचलून टाकते. म्हणून ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्ये आहे का, हे विकत घेण्याआधी बघा. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह ३ सारख्या दणकट टॅब्लेटची बॅटरी काढता येते आणि बॅटरीशिवाय थेट चार्जरवरही तो चालतो. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या टॅक्सीवाल्याला तो महाग असला तरी परवडेल. बाकीच्यांनी नेहमीचा टॅब्लेट घ्यावा आणि गाडी उभी केली की काढून बरोबर न्यावा.

उजेड : तो निट्समध्ये मोजतात. साधे टॅब्लेट ३००-४०० निट्सचे, दुपारी काचेतून ऊन आलं की स्क्रीनचा आरसा होतो. पाचशेच्या वर बघा, वरून मॅट फिल्म लावा. काळ्या पाटीवर पांढरे आकडे ठेवा. पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्यांनी दुकानातच गॉगल घालून स्क्रीन आडवी-उभी फिरवून पाहा, काही स्क्रीन एका बाजूनं चक्क काळ्या होतात.

आकार : आठ-पावणेनऊ इंच. दहा इंची घेतला तर एसीची जाळी झाकते नाहीतर रस्ता झाकतो. स्क्रीनवर जास्तीत जास्त चार आकडे : कूलंट, बॅटरीचा व्होल्टेज, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, आणि टर्बो असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा दाब. बीएस-६ डिझेलवाल्यांना डीपीएफमधली, म्हणजे धुराच्या गाळणीतली, काजळी बघायची असते, पण ती माहिती कंपनीगणिक वेगळी, तुमच्या मॉडेलची यादी ॲपमध्ये आहे का ते आधी बघा. आरपीएम, वेग हे मीटरवर आहेतच, पुन्हा कशाला? समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगानं गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. दोन सेकंद स्क्रीन वाचली तर ६६ मीटर तुम्ही रस्ता न बघता गेलात. म्हणून आकडा वाचायचा नाही, ॲपला बोलायला लावायचं. टॉर्क प्रो किंवा कार स्कॅनर, दोन्हींत मर्यादा ओलांडली की आवाज देण्याची सोय आहे. कूलंट १०५ च्या वर, आणि ७५ च्या खालीसुद्धा. खालचा अलार्म इंजिन गरम होईपर्यंत सुरुवातीला ओरडेल, ओरडू द्या. इंजिन चालू असताना व्होल्टेज सतत १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जनित्र, तपासा, मात्र नव्या गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळं तिथं लगेच निष्कर्ष काढू नका.

आयपॅड घेणाऱ्यांनो, जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ ॲडॉप्टर त्याला चालत नाही. ब्लूटूथ लो एनर्जीचा किंवा वायफायचा घ्या, आणि वायफायचा लावला की त्या वेळी नेट मोबाइल डेटावरूनच मिळेल. अँड्रॉइडवर ॲडॉप्टर सापडत नसेल तर बहुतेक वेळा परवानगी दिलेली नसते : अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची उपकरणं’, त्याआधीच्यांत लोकेशन. बाजारात ईएलएम३२७ या चिपच्या नावानं विकले जाणारे बरेच स्वस्त ॲडॉप्टर नकला आहेत, त्यांना निम्म्या आज्ञा कळत नाहीत आणि त्यांचा संपर्क मधूनच तुटतो. बटण असलेला ॲडॉप्टर घ्या किंवा रात्री काढून ठेवा. ५० मिलिॲम्पियर खाणारा ॲडॉप्टर दिवसाला १.२ ॲम्पियर-अवर पितो. गाडी दहा दिवस उभी राहिली तर १२, म्हणजे छोट्या गाडीच्या ३५ च्या बॅटरीतला तिसरा हिस्सा गेला.

चार्जिंग स्टीरिओच्या यूएसबीवरून करू नका. तिथं बऱ्याचदा अर्धा ॲम्पियरच मिळतो, आणि पूर्ण उजेडावर टॅब्लेट दीड-दोन ओढतो. लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते. १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट ३ ॲम्पियर देणारा कन्व्हर्टर घ्या, फ्यूज टॅपनं, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून नवी वायर काढून देणाऱ्या जोडणीनं, किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवर जोडा, मध्ये ३ ॲम्पियरचा फ्यूज. केबल जाड आणि आखूड घ्या, बारीक केबलमध्येच व्होल्टेज पडतो.

स्टँड : एसीच्या जाळीला अडकवायची क्लिप मोबाइलसाठी असते. साडेतीनशे ग्रॅमच्या टॅब्लेटनं जाळीचं पातं तुटतं. काचेला चिकटवायचा कप दुपारच्या उन्हात सुटून मांडीवर येतो. कप होल्डरमध्ये घट्ट बसणारा किंवा सीटच्या बोल्टला धरणारा दांडा घ्या, आणि टॅब्लेट जाळीच्या समोर अशा बेतानं ठेवा की गार हवा त्याच्या पाठीला लागेल. डाव्या बाजूच्या एअरबॅगच्या झाकणावर आणि काचेच्या खांबाला काहीही लावायचं नाही. हातात धरून बघणं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये येतं.

शेवटची चिठ्ठी ट्रॅक्टरवाल्यांची. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रॅक्टरला संगणकच नाही, तिथं टॅब्लेटला वाचायला काही मिळणार नाही. हेडमध्ये बसणारा, नळीचा काट्याचा मीटर बसवा. त्याला ना सॉकेट लागतं ना चार्जिंग.

आणि बाकीच्यांनी आज घरी गेल्यावर एक करा. ॲपमधला कूलंटचा अलार्म ६० वर लावा, खिडक्या बंद, एसी चालू, गाणी चालू, आणि इंजिन सुरू करून बसा. साठाचा आकडा आल्यावर आवाज स्पष्ट ऐकू आला तरच अलार्म १०५ वर न्या. नाही ऐकू आला तर टॅब्लेटचा आवाज गाडीच्या स्पीकरला जोडा, आणि पुन्हा साठावरच तपासा.