कुठून परत फिरायचं, ते घरातच ठरवा

मंडळी, जुलै लागला की रविवारी सकाळी आपल्या साताऱ्यातून यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. कुणी कासला, कुणी बामणोलीला. दुसरीकडे सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघर. जावंच. पावसातला सह्याद्री बघू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की कुठून परत फिरायचं ते निघायच्या आधी ठरवा. गाडीत पोरं, डबे, पुढे बुकिंग झालेलं. ऐनवेळी 'चला माघारी' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

फरशी पुलाचंच घ्या. ओढ्याचं पाणी फरशीवरून वाहतंय, अलीकडे चार गाड्या थांबल्यात आणि मागून कुणीतरी म्हणतं, "जास्त नाही, घाल गाडी!" अहो, फूटभर वाहतं पाणी छोटी कार उचलतं. चाकं टेकेनाशी झाली की स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी पाण्याच्या ताब्यात. दोन फुटांत जीपसुद्धा जाते. त्यात पाणी गढूळ, खालची फरशी शाबूत आहे की खचली, ते वरून कळत नाही. आपल्या महाबळेश्वरात उगम पावणाऱ्या सावित्रीवरचा महाडचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. दोन एसट्या त्या अंधारात नदीत गेल्या. पुढे पूलच उरला नाही, हे चालकांना दिसणार कसं? पुराच्या रात्री नदी ओलांडावी लागेल असा प्रवास मुळी काढूच नका.

सांगलीकडे जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. तिथं ऊन पडलेलं असतं आणि कृष्णा चढत असते, कारण पाऊस इकडे वर झालेला असतो, कोयनेतून विसर्ग सुरू असतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. निघताना आभाळाबरोबर हे आकडेही बघा.

घाटात धुकं आलं की लाइट डिपरवर ठेवा. अप्पर मारला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठं वळणार ते मागच्याला समजत नाही. काच आतून धुरकटली तर हाताने पुसत बसू नका, एसी लावून हवा काचेवर सोडा. उतारावर गिअर खालचा. आणि फोटोसाठी दरडीखाली गाडी लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. कड्यावरून येणारं पाणी एकदम लाल झालं, बारीक खडे घरंगळायला लागले, की तिथून निघा.

एवढं करूनही साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच, तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं. पाणी चढत असेल तर काचा चालताहेत तोवर खाली करा, पोरांना आधी बाहेर काढा, उंचावर जा आणि ११२ ला फोन लावा.