तीन गोळ्यांचा ग्रुप पुरावा नव्हे

(फोंडा येथे रायफल नेमबाजी शिकणारी मुले आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मघाशी एका पालकांनी विचारलं, परदेशातले शिकारी लांब पल्ल्याच्या रायफलसाठी काडतुसं स्वतः भरतात, मग आपण का भरत नाही? आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवताही येत नाहीत. शिवाय आपलं 50 मीटरचं .22 काडतूस पुन्हा भरण्यासारखं नसतंच. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि ठोका बसला की ती कड चेपते. तेव्हा भरणं आपल्या हातात नाही, आपल्या रायफलला जुळणारी काडतुसं निवडणं आहे. पण काडतूस भरणाऱ्याची शिस्त मला तुमच्यात हवी आहे. तो दारू तोलतो, गोळी किती खोल बसली ते मोजतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आणि वेग जास्त मिळण्यापेक्षा दर वेळी सारखा मिळावा म्हणून झटतो.

सारखेपणा इतका महत्त्वाचा का, ते आकड्यांत बघा. आपली गोळी 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची. सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास वेगाने निघून 50 मीटरवर पोचायला तिला साधारण 0.16 सेकंद लागतात. तेवढ्यात ती सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते. साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, त्याची भरपाई करते, पण दर वेळी तेवढीच. एक गोळी 330 ने निघाली आणि दुसरी 320 ने, तर नुसत्या पडण्यातच जवळजवळ 7 मिलिमीटरचा फरक झाला. दहा गुणांचं वर्तुळ आहे 10.4 मिलिमीटर व्यासाचं! फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात आणि एक दशांश म्हणजे 0.8 मिलिमीटर. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 451.4 गुणांवर कांस्य घेतलं, ते अशा बारीक मापाच्या खेळात.

प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेल्या काडतुसांचे दोन गट, तेही एकाच नळीतून वेगळे पडतात. म्हणून एली, लापुआसारख्या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत रायफल पक्की आवळून लॉटमागून लॉट मारून बघतात. शेजारच्या मुलाला पदक मिळालं म्हणून त्याचाच लॉट घेऊ नका. त्याची नळी तुमच्याकडे नाही.

आता सगळ्यात जास्त फसवणूक जिथे होते तिथे येतो. तीन गोळ्या एका भोकात गेल्या की मुलं कागद घेऊन धावत येतात. त्यांचा आनंद मला समजतो, पण तेवढ्यावर लॉट ठरवू देणार नाही. रायफल तीच, काडतूस तेच, तरी दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, तीनच्या ग्रुपपेक्षा सरासरीने दीडपटीहून मोठा येतो. आणि तीनचा ग्रुप एकदा लहान, पुढच्या वेळी दुप्पट, असा सहज हलतो. दहा-दहाचे चार ग्रुप मारा आणि चाळीसही भोकं एकाच मध्यावर धरून मोजा. लांब गेलेली गोळी ‘माझा हात हलला’ म्हणून वगळू नका. हात हलल्याचं गोळी सुटतानाच सांगितलं असेल तरच ती वगळायची.

लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशोबात धरू नका. गोळीवरच्या मेणाचा थर नळीत नव्याने बसावा लागतो. चाचणी सकाळीच करा. दुपारी आपल्याकडे खारा वारा सुरू होतो, आणि ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा ही गोळी 50 मीटरवर दोन-तीन सेंटिमीटर ढकलतो. तशा वाऱ्यात तुम्ही लॉट तपासत नाही, वारा तपासता. लाकडी दस्ता असेल तर पावसाळ्यात तो फुगतो, म्हणून रायफल दस्त्याला जोडणारे स्क्रू टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, दर वेळी तेवढेच आवळा. तसं केलं नाही तर जूनमधला निकाल जानेवारीतल्या निकालाशी जोडता येणार नाही.

पसंत पडलेला लॉट संपला की कंपनी अगदी तोच पुन्हा देऊ शकत नाही. म्हणून निवड झाल्यावर मोसमभराची काडतुसं, परवान्यात बसतील तेवढी, एकदमच घ्या. पेटीवरचा लॉट क्रमांक त्याच दिवशी वहीत चाळीस भोकांच्या कागदाशेजारी लिहून ठेवा.