घाटात गाडी मिसिंग मारते, पिकअप नाही? पार्ट बदलण्याआधी हे तीन आकडे बघा

नमस्कार मंडळी. आज बॉनेट उघडून बसलोय ते एका काकांच्या गाडीमुळं. आठ वर्षांची पेट्रोल गाडी. सातारा शहरात फिरवली तर तक्रार नाही, पण समर्थ मंदिर सोडून यवतेश्वरचा घाट लागला की दुसऱ्या गिअरलाही ओढत नाही. झटके देते, मिसिंग मारते (म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल मधूनच जळायचं चुकतं), चेक इंजिनचा दिवा पेटतो. काकांनी माझ्याकडं येण्याआधी दुसरीकडं प्लग बदलून घेतले, कॉइल बदलल्या, शेवटी ऑक्सिजन सेन्सरही नवा टाकला. एवढे पैसे घालून गाडी होती तशीच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण गाडी स्वतः सांगत होती काय झालंय ते.

स्कॅनरला दोन कोड आले. पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन. आणि पी०३००, म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरला धरून नसलेली मिसिंग.

लीन म्हणजे काय? साध्या पेट्रोलच्या १ किलोला जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली किंवा पेट्रोल कमी पडलं की लीन. आता नीट ऐका. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरातला उरलेला ऑक्सिजन दिसतो. त्यामुळं प्लगची ठिणगी चुकली तरी न जळलेली हवा तशीच बाहेर येते आणि तो ‘लीन’ म्हणतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या भागाला, चीर असली, बाहेरची हवा आत ओढली गेली, तरी तेच. तो निरोप्या आहे. लीनचा कोड आला म्हणून आधी त्यालाच बदलू नका.

मग बघायचं काय? फ्युएल ट्रिम. इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, तो हा आकडा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म, दोन्हींची बेरीज धरायची. पाच-सात टक्के इकडंतिकडं चालतं. अधिक वीसच्या आसपास गेला की इसीयू जिवाच्या आकांतानं पेट्रोल ओततोय असं समजा.

बरेच जण विचारतात, हे इथेनॉलमुळं का? आपल्याच साखर कारखान्यांतलं इथेनॉल पेट्रोलमध्ये येतं, आणि त्याला हवा कमी लागते, १ किलोला ९ किलो. त्यानं ट्रिम थोडं वर सरकतं हे खरं. पण घाटात गाडी मान टाकते ती तेवढ्यानं नाही.

ट्रिम तीन वेळा बघायचं: आयडलला (एक्सिलेटर न देता इंजिन चालू), उभ्या गाडीत रेस करून २५०० आरपीएमला, आणि चढावर. आयडलला अधिक वीस आणि रेस केल्यावर चार-पाचवर आलं, तर कुठंतरी चोरून हवा शिरतेय. आयडलला इंजिन मुळात हवा थोडीच घेतं, म्हणून तेवढीशी गळती तिथं मोठी दिसते. ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ परत ओढून घेणारा) पाईप, इनटेकचं गॅस्केट तपासा. मात्र हा नियम एअर फ्लो सेन्सरच्या, म्हणजे आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या गाडीचा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मॅप सेन्सर असतो. तो इनटेक मॅनिफोल्डचं, म्हणजे हवा आत नेणाऱ्या भागाचं प्रेशर मोजतो, त्यामुळं शिरलेली हवाही हिशोबात येते. तिथं ट्रिम फार हलत नाही, आयडलच वर जातं किंवा खालीवर होत राहतं.

काकांच्या गाडीचे आकडे उलटे होते. आयडलला अधिक ४, रेसला ९, यवतेश्वरच्या चढावर २४. जसजसा लोड वाढतो तसतसं पेट्रोल कमी पडतंय. खात्रीसाठी, शेजारी कुणाला तरी स्कॅनर धरायला बसवून चढावर पूर्ण एक्सिलेटर दिला. साध्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज तेव्हा ०.८-०.९ व्होल्टवर जायला हवा, म्हणजे पेट्रोल भरपूर. इथं तो ०.१ वर आपटला. प्लग-कॉइल तर नवेच होते, म्हणजे मिसिंग ठिणगीची नसून उपाशी इंजिनाची असणार. (एकाच सिलिंडरचा कोड असता, समजा पी०३०२, तर मी आधी त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरला लावून कोडही त्या सिलिंडरला जातोय का ते बघितलं असतं.)

मग पेट्रोलच्या लाईनला प्रेशर गेज. लाईन सोडण्याआधी फ्युएल पंपाचा (टाकीतून पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा) फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर गरम इंजिनवर पेट्रोल उडतं. ही गोष्ट चुकवू नका, आगीशी गाठ आहे. या गाडीला ३ बार हवं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आयडलला बरोबर ३ दाखवलं. गेज तसाच बांधून घाटात नेला, तर २ च्या खाली.

इथंही लगेच पंप मागवला नाही. पंपाच्या कनेक्टरला चालू इंजिनवर व्होल्टेज मोजला: बॅटरीला १३.८, पंपाला १३.५. वायरिंग चांगलं. मग मागची सीट उचलून पंप बाहेर काढला.

ही बघा त्याच्या तोंडाची जाळी. मुळात पांढरी असते. ही काळी झालीय, बोटानं दाबली तरी चिखल सुटतोय. टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर नवे टाकले, पंप जुनाच ठेवला. काल संध्याकाळी काकांना शेजारी बसवून पुन्हा यवतेश्वर चढलो. तिसऱ्या गिअरला, ट्रिम अधिक ५.